पोटाचे स्वास्थ्य आणि आपली दिनचर्या

वार्षिक अहवालात ताळेबंद, देणगीदारांची नामावली आणि विभागवार कार्याचा आढावा यांच्या जोडीला एक आरोग्यविषयक लेख देण्याची आमच्या रुग्णालयाची प्रथा आहे. यंदा त्यासाठी पोटाचा विषय घेतला आहे. केसपेपरच्या खिडकीपाशी 'काय त्रास होतो?' असे विचारले असता 'पित्त झालंय', 'गॅस धरलाय' आणि 'पोट साफ होत नाही' ही तीन उत्तरे जितक्या वेळा कानी पडतात, तितकी क्वचितच दुसरी पडत असतील. आम्ही वैद्यक नव्हे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य जमाखर्च मांडण्यात गेलेले. तथापि रुग्णालयातील डॉक्टर मंडळींशी या विषयावर वेळोवेळी झालेल्या चर्चेतून जे समजले, ते सोप्या शब्दांत सभासद व हितचिंतकांपुढे ठेवावे असे वाटले.

सांगावयाचे ते थोडक्यात असे. पोटाच्या पुष्कळशा तक्रारी रोजच्या सवयींतून उद्भवतात आणि सवयी बदलल्या की कमी होतात. काही तक्रारी मात्र सवयींनी जाणाऱ्या नसतात. त्यांवर घरगुती उपाय करीत बसणे जिवावर बेतू शकते. ही दोन खाती वेगळी आहेत आणि ती वेगळीच ठेवली पाहिजेत.

पोटाचा रोजचा हिशेब

प्रौढ माणसाच्या पचनसंस्थेत दररोज सुमारे ९ लिटर द्रव जमा होतो. त्यांपैकी खाण्यापिण्यातून आलेला असतो जेमतेम २ लिटर. उरलेले ७ लिटर लाळ, जठररस, पित्तरस, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्यातील रस या रूपाने शरीर स्वतःच पुरविते. या ९ लिटरांपैकी शौचावाटे बाहेर पडतो तो पाव लिटरहूनही कमी. बाकी सर्व लहान व मोठे आतडे शोषून घेऊन शरीराला परत करतात. इतका चोख हिशेब एखाद्या पेढीतही सापडणे कठीण!

हे काम वेळ घेणारे आहे. साधे जेवण जठरात साधारणतः दोन ते चार तास राहते. तेलकट-तुपकट असेल तर त्याहून अधिक. संपूर्ण प्रवासाला एक ते तीन दिवस लागतात. म्हणूनच पोट बिघडले की 'काल काय खाल्ले?' एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. गेले काही महिने आपण कधी जेवतो, कधी झोपतो, किती चालतो, कोणत्या गोळ्या घेतो, हेही तपासावे लागते.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. छातीत जळजळते, आंबट पाणी घशाशी येते, त्याला आपण 'पित्त' म्हणतो. वैद्यकशास्त्राच्या भाषेत ते बहुधा जठरातील आम्ल असते. पित्तरस यकृतात तयार होतो आणि स्निग्ध पदार्थ पचविण्यास मदत करतो. जठराचे अस्तर आम्ल सहन करू शकते. अन्ननलिकेला ते सोसत नाही. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावर झडपेसारखे काम करणारा एक स्नायू आहे. तो सैल पडला अथवा पोटावर दाब आला, की आम्ल वर चढते. पुढील पुष्कळशा सूचनांचा संबंध या स्नायूशी आहे.

सकाळ : चहा, मिश्री आणि शौच

झोपेतून उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. ही शरीराची नैसर्गिक योजना आहे. त्या सुमारास शौचाची भावना होते आणि तेव्हाच जाणे सर्वांत हिताचे. बस चुकेल, शाळेची घंटा होईल, नळाचे पाणी जाईल, म्हणून ती भावना रोज दाबली, तर मळातील पाणी शोषले जाऊन तो कडक होतो. हळूहळू भावना होणेही मंदावते. बद्धकोष्ठ होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

या बाबतीत स्त्रिया व मुली यांचा प्रश्न वेगळा आहे. शेतावर, बाजारात, प्रवासात अथवा शाळेत स्वच्छ व सुरक्षित शौचालय नसले, की त्या दिवसभर पाणीच कमी पितात आणि संध्याकाळपर्यंत कळ सोसतात. २०१४ सालापासून स्वच्छ भारत अभियानात घरोघरी शौचालये बांधली गेली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु शौचालयाला पाणी, दाराला कडी आणि नियमित सफाई असेल तरच त्याचा वापर होतो. शाळा समित्यांवर असलेल्या आमच्या सभासदांनी एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या, तरी अनेक मुलींची पोटदुखी टळेल.

उकिडवे बसून शौच करण्याची आपली जुनी पद्धत शास्त्राला धरून आहे. त्या बैठकीत गुदमार्गाजवळचा कोन सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही. गुडघेदुखीमुळे कमोड वापरणे भाग पडत असेल, तर पायांखाली एक ठेंगणे स्टूल ठेवावे. वर्तमानपत्र किंवा मोबाईल घेऊन तेथे बराच वेळ बसणे मात्र टाळावे. अशा बैठकीने गुदद्वाराजवळील शिरांवर ताण येतो आणि मूळव्याधीला वाव मिळतो.

सकाळच्या चहाविषयी आम्ही डॉक्टरांना विचारले असता त्यांनी सरसकट बंदी सांगितली नाही. ज्यांना रिकाम्या पोटी चहा घेतल्यावर जळजळते, त्यांनी तो काही खाल्ल्यावर घ्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे म्हटले आहे. चहातील द्रव्यांमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही, हे त्याचे कारण. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मिश्रीबाबत मात्र बंदीच. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात ठेवली जाते आणि पुढे तिची तलफ लागते. 'मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही' असे कित्येक आयाबाया सांगतात. निकोटिनमुळे आतडे तात्पुरते हलते, एवढेच त्यात तथ्य आहे. त्याच तंबाखूमुळे वर सांगितलेला स्नायू सैल होतो, जळजळ वाढते आणि तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका ओढवतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. मिश्रीवरील बंदी घरातूनच यावी लागेल.

दुपार : ताटातील चोथा

मळ मऊ राहण्यास आणि आतड्यातील उपयुक्त जंतूंचे पोषण होण्यास अन्नात चोथा, म्हणजे तंतुमय भाग, असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय भाग आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे सुचविली आहेत. हा आकडा गाठण्यास काही महागडे आणावे लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत व नाचणीत सुमारे ११ ग्रॅम आणि कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठातही सुमारे ११ ग्रॅम तंतुमय भाग असतो. पांढऱ्या सडलेल्या तांदळात आणि मैद्यात तो ३ ग्रॅमहूनही कमी भरतो.

म्हणजे साधारण ६० ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या दोन भाकरी खाल्ल्या, तर १२ ग्रॅम, जवळपास निम्मा वाटा, तेथेच जमा होतो. उरलेला पालेभाजी, उसळ, कोशिंबीर आणि एखादे फळ यांतून सहज मिळतो. याउलट सकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट, दुपारी वडापाव आणि रात्री नुसता आमटी-भात असा दिवस गेला, तर या खात्यावर फारसे काही जमा होत नाही. पीठ बारीक चाळून कोंडा टाकून देण्याची पद्धतही याच कारणाने सोडावी. मात्र चोथा एकदम वाढविला तर पोट फुगते व गुबारा धरतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि बरोबर पाणीही पुरेसे प्यावे.

घाईने जेवण्याच्या सवयीने दुहेरी नुकसान होते. घास नीट चावला जात नाही आणि घासाबरोबर हवा गिळली जाते. तीच पुढे ढेकरांवाटे त्रास देते. दुधाविषयीही एक सांगावेसे वाटते. दुधातील शर्करा पचविणारे द्रव्य आपल्याकडील पुष्कळ प्रौढांत वयानुसार कमी होते. ज्यांना दूध प्यायल्यावर पोट फुगणे किंवा जुलाब होणे असा अनुभव येतो, त्यांना दही-ताक बहुधा सोसते. जळजळीवर थंड दूध पिण्याने क्षणभर बरे वाटते खरे. परंतु दुधातील प्रथिने व कॅल्शियम यांमुळे थोड्या वेळाने जठर पुन्हा आम्ल तयार करू लागते.

उपवासाविषयी लिहिताना कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा हेतू नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनीच केली आहे. साबुदाणा हे कंदापासून काढलेले जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात चोथा नाहीच. त्यावर तूप, दाण्याचा कूट आणि तळलेले वडे आले, की जठरावर भार पडतो आणि दुसऱ्या दिवशी पोट जड राहते. त्याऐवजी उकडलेले रताळे, राजगिरा, फळे आणि ताक घेतले तर उपवासही घडतो आणि पोटालाही विश्रांती मिळते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

रात्र : शतपावली आणि वामकुक्षी

पूर्वी दिवेलागणीनंतर लवकर जेवणे होत. आता मालिका संपल्यावर, दुकान बंद झाल्यावर अथवा दुसऱ्या पाळीवरून परतल्यावर दहा-साडेदहाला पान वाढले जाते आणि अकराला पाठ टेकली जाते. भरलेले जठर आणि आडवे शरीर असा योग आला, की आम्ल अन्ननलिकेत येण्यास वाट मोकळी होते. रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान दोन ते तीन तासांचे अंतर असावे, हा साधा नियम पुष्कळांना औषधाइतका उपयोगी पडतो. ज्यांची पाळीच रात्री दहाला सुटते, त्यांनी मुख्य जेवण कामाआधी अथवा मधल्या सुटीत करावे आणि घरी आल्यावर हलकेच काही घ्यावे.

या बाबतीत आपल्या परंपरेतील दोन शब्द उपयुक्त आहेत. पहिला शतपावली. जेवणानंतर सावकाश चालल्याने जठर रिकामे होण्यास मदत होते आणि रक्तातील साखरही आटोक्यात राहते. दुसरा वामकुक्षी, म्हणजे डाव्या कुशीवर घेतलेली अल्प विश्रांती. जठर पोटाच्या डाव्या बाजूस असल्याने डाव्या कुशीवर आम्ल झडपेच्या खालच्या पातळीवर राहते. उजव्या कुशीवर ते झडपेकडे येते. ज्यांना रात्री जळजळ होते त्यांनी डाव्या कुशीवर झोपावे आणि पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवावेत. नुसत्या उशा वाढविल्याने मान वाकते आणि पोटावर दाब येतो. त्याचा उपयोग होत नाही. सुटलेले पोट आणि कमरेला घट्ट आवळलेली नाडी किंवा पट्टा यांमुळेही हा दाब वाढतो.

मन आणि पोट

चिंतेने भूक मरते, परीक्षेच्या सकाळी पोटात कळ येते, हा सर्वांचा अनुभव आहे. अमेरिकेत १८२२ साली अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटाला बंदुकीची गोळी लागली आणि जखम बरी झाली तरी जठराला बाहेरून एक छिद्र राहून गेले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टराने त्या छिद्रातून जठराचे कार्य वर्षानुवर्षे पाहिले आणि १८३३ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. राग आणि भीती यांच्या वेळी जठरातील स्थिती बदलते, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. म्हणूनच तपासण्या निर्दोष येऊनही ज्यांचे पोट दुखत राहते, त्यांना घरच्यांनी 'सोंग करतो' असे म्हणू नये. दुखणे खरे असते. त्याचा उपाय मात्र पुरेशी झोप, व्यायाम, मनातील ताण हलका करणे आणि डॉक्टरांचा सल्ला यांत असतो.

घरातील औषधांचा डबा

तिखट व काळजी यांमुळेच जठरात व्रण होतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरात राहणारा एक जंतू वेगळा करून वाढविला. त्यास आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात. लोकांचा विश्वास बसेना म्हणून मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः प्राशन केला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. या शोधासाठी उभयतांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, व्रणाचे कारण जंतू असेल तर तिखट सोडून तो जात नाही. तपासणी करून ठरावीक दिवसांची जंतुनाशक औषधे पूर्ण घ्यावी लागतात.

व्रणाचे दुसरे मोठे कारण आहे वेदनाशामक गोळ्या. ऊसतोड, भातलावणी, हमाली अशा कष्टाच्या कामांनी अंग ठणकते. मग मेडिकलमधून चिठ्ठीवाचून गोळी आणली जाते आणि ती रोजची होते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्येच कमी करतात. त्यामुळे ती जेवणानंतर घेतली किंवा इंजेक्शनवाटे घेतली, तरी धोका पुरता टळत नाही. साठीपुढील व्यक्तींना हा धोका अधिक. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करू नये.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चांगल्या आहेत. पण त्या सल्ल्याने आणि ठरलेल्या मुदतीसाठीच घ्याव्यात. वर्षानुवर्षे आपल्या मनाने घेतल्या, तर आतील गंभीर आजाराची लक्षणे झाकली जातात आणि निदान लांबते. खाण्याचा सोडा वारंवार घेण्याने अंगात सोडियम जाते. रक्तदाबाच्या रुग्णांना ते घातक आहे. रोज जुलाबाचे चूर्ण घेणाऱ्यांनीही त्याची गरज का भासते, हे एकदा तपासून घ्यावे.

जेथे सवयींचा उपाय चालत नाही

पुढीलपैकी कोणतेही लक्षण आढळल्यास पथ्य, काढा वा गोळी यांवर दिवस न घालविता डॉक्टरांकडे यावे : घास गिळताना अडकणे, कारण नसता वजन उतरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, तसे सांगावे), शौचातून रक्त जाणे, वारंवार उलट्या, रक्तक्षय, आणि पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली पोटाची तक्रार किंवा शौचाच्या सवयीतील बदल. 'मूळव्याधच असेल' असे गृहीत धरून रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करणे विशेष धोक्याचे आहे. अन्ननलिका, जठर व आतडे यांचे कर्करोग लवकर लक्षात आले तर उपचारांना वाव असतो. उशीर झाल्यास तो झपाट्याने कमी होतो.

याहून तातडीची गोष्ट म्हणजे छातीतील 'गॅस'. छातीत दाब, घाम, धाप, डावा हात, जबडा वा पाठीकडे जाणारी कळ, ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात तो केवळ मळमळ व पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थता एवढ्यावरही दिसू शकतो. अशा वेळी सोडा, ओवा अथवा चूर्ण देऊन सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. तो गॅसच निघाला, तर आनंदच आहे. कोणीही रुग्णाला हसणार नाही.

खर्चाची भीती

दुर्बिणीची तपासणी सांगितली की अनेक जण गप्प होतात आणि पुन्हा येत नाहीत. त्यामागे भीतीइतकीच पैशाची अडचण असते, हे आम्ही जाणतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका सोबत आणावी. तातडीच्या प्रसंगी कागदपत्रांसाठी थांबू नये. आधी रुग्णाला आणावे. आपल्या परिसरातील गरजूंना ही माहिती सांगणे, हीसुद्धा संस्थेला दिलेली देणगीच आहे.

शेवटी, हिशेबनिसाच्या पेशाला शोभेल अशी एक विनंती. ज्यांना वरील गंभीर लक्षणांपैकी काही नाही, परंतु पोटाची कुरकुर नेहमीची आहे, त्यांनी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. जेवणाची वेळ, काय खाल्ले, झोपेची वेळ, शौच, घेतलेली गोळी आणि झालेला त्रास, एवढे सहा रकाने पुरेत. चौदा दिवसांच्या नोंदी ओळीने पाहिल्या, की चूक कोठे आहे ते बहुधा आपले आपल्यालाच उमगते. न उमगले तर ती वही घेऊन बाह्यरुग्ण विभागात यावे. डॉक्टरांचे निम्मे काम तिने झालेले असेल.

सर्व सभासद, देणगीदार व हितचिंतकांना उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा.